प्रॉम्प्ट : यंत्राला नेमके काम कसे सांगावे?

अक्कलकोटसारख्या तीर्थक्षेत्री आणि सीमाभागातील गावाच्या दैनंदिन व्यवहारांतील उदाहरणांसह एक परिचय

कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला ‘एक पत्र तयार करा’ एवढेच सांगितले, तर तो काही क्षण थांबतो आणि विचारतो : पत्र कोणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत? कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी भाषा मॉडेल्स बहुधा असे थांबत नाहीत. त्यांना अपुरी माहिती दिली, तरी ती पूर्ण पत्र तयार करतात. जे सांगितलेले नाही ते अंदाजाने भरतात आणि हा अंदाज इतक्या सफाईदार भाषेत मांडतात, की वाचणाऱ्याला तो अंदाज आहे याची शंकाही येत नाही. कामाच्या ठिकाणी या साधनांचा वापर करणाऱ्याने सर्वप्रथम लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे. चांगली सूचना लिहिणे म्हणजे यंत्राच्या अंदाजासाठी शिल्लक राहणारी जागा कमी करणे होय.

प्रॉम्प्ट म्हणजे काय?

भाषा मॉडेलकडून काम करवून घेण्यासाठी त्याला साध्या भाषेत जो मजकूर दिला जातो, त्यास ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘सूचना’ हा शब्द पुरेसा आहे. त्यात प्रश्न, आज्ञा, संदर्भासाठी जोडलेला मजकूर, नमुने आणि अटी या सर्वांचा समावेश होतो. संगणकाची पारंपरिक आज्ञावली लिहिण्यासाठी विशिष्ट भाषा शिकावी लागे. येथे मराठी, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालते. मात्र भाषा ओळखीची असली, तरी काम सांगण्याची शिस्त ओळखीची असतेच असे नाही.

आजच्या भाषा मॉडेल्सचा पाया २०१७ मध्ये गुगलमधील संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेत आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या कंपनीने ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले केले आणि हे तंत्र प्रयोगशाळेतून थेट सामान्य कर्मचाऱ्याच्या टेबलावर आले. पुढे गुगलचे ‘जेमिनी’, अँथ्रॉपिकचे ‘क्लॉड’, मायक्रोसॉफ्टचे ‘कोपायलट’ अशी साधने उपलब्ध झाली. यांतील बहुतेक साधने मराठी समजतात आणि मराठीत उत्तरे देतात. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रमही सुरू केला.

यंत्र काय जाणते, काय जाणत नाही?

भाषा मॉडेल प्रचंड प्रमाणातील मजकुरावर शिकवलेले असते. समोर आलेल्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याचा हिशेब करत ते उत्तर रचते. त्यामुळे ज्या विषयावर महाजालावर विपुल लेखन आहे, तेथे त्याचे उत्तर सहसा समाधानकारक असते. ज्या विषयावर थोडेच लिहिले गेले आहे, तेथे ते मिळत्याजुळत्या माहितीवरून उत्तर जुळवते. लहान गावे, स्थानिक प्रथा आणि प्रादेशिक भाषा यांबाबत ही अडचण अधिक जाणवते.

अक्कलकोटचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले हे तालुक्याचे गाव पूर्वी भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. श्री स्वामी समर्थांच्या वास्तव्यामुळे आज ते राज्यभरातील भाविकांचे श्रद्धास्थान आहे. रेल्वेच्या सोलापूर-वाडी मार्गावरील ‘अक्कलकोट रोड’ हे स्थानक मात्र गावात नाही. ते गावापासून सुमारे १० ते ११ किलोमीटर अंतरावर आहे. ज्याने हे स्थानक पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. पण ‘रेल्वेने अक्कलकोटला येणाऱ्या भाविकांसाठी माहितीपत्रक लिहा’ एवढीच सूचना दिली, तर स्थानकापासून मंदिर पायी अंतरावर असल्याचे वाक्य त्यात सहज येऊ शकते. कारण अनेक गावांच्या बाबतीत ते खरे असते. पत्रक सुबक दिसेल, शुद्धलेखनही बरे असेल. पण त्यावर विसंबून रात्रीच्या गाडीने वृद्ध आई-वडिलांसह उतरलेल्या कुटुंबाची गैरसोय होईल.

यंत्राला गावाचे नाव ठाऊक असते. गावाचा अनुभव नसतो. तो अनुभव सूचनेतून पुरवणे हे काम सांगणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

परिणामकारक सूचनेची सहा अंगे

निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या मॉडेल्ससाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांतील तपशील वेगळे असले, तरी कार्यालयीन कामापुरता त्यांचा सारांश पुढील सहा मुद्द्यांत सांगता येईल.

१. काम : नेमके काय हवे आहे? पत्र, सारांश, तक्ता, भाषांतर की केवळ मुद्दे? ‘याविषयी सांगा’ यापेक्षा ‘या परिपत्रकातील मुदती आणि त्या चुकल्यास होणारे परिणाम यांची यादी करा’ ही सूचना अधिक उपयोगी ठरते.

२. वाचक : मजकूर कोण वाचणार? तहसील कार्यालयातील अधिकारी, प्रथमच येणारा यात्रेकरू आणि सातवीचा विद्यार्थी यांच्यासाठी एकच भाषा चालत नाही.

३. आधार : कोणत्या माहितीवर उत्तर रचावे? मूळ परिपत्रक, दरपत्रक, टिपणे हे सारे सूचनेतच द्यावे आणि ‘आधाराचा मजकूर येथून सुरू’, ‘येथे समाप्त’ अशा खुणांनी ते वेगळे ठेवावे. त्यामुळे कोणता भाग आज्ञा आहे आणि कोणता संदर्भ, याविषयी संभ्रम राहत नाही.

४. स्वरूप : लांबी, परिच्छेद, तक्त्यातील रकाने, अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, तारखेची मांडणी. या गोष्टी आधीच सांगितल्यास नंतरच्या दुरुस्त्या टळतात.

५. मर्यादा : काय लिहू नये? दर, आश्वासने, कायदेशीर मत, व्यक्तींची नावे यांपैकी जे टाळायचे असेल ते स्पष्ट सांगावे.

६. न कळल्यास काय करावे? हा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. ‘दिलेल्या आधारात उत्तर नसल्यास तसे स्पष्ट लिहा, स्वतःहून माहिती भरू नका’ किंवा ‘काम सुरू करण्यापूर्वी आवश्यक ते प्रश्न विचारा’ अशी एक ओळ लिहिली, तर प्रारंभी उल्लेखिलेल्या लिपिकाप्रमाणे यंत्रही थांबण्याची शक्यता वाढते.

एक पत्र, दोन सूचना

हे सहा मुद्दे प्रत्यक्षात कसे उतरतात हे पाहण्यासाठी अक्कलकोटमधील एखाद्या यात्रीनिवासाच्या व्यवस्थापकाची कल्पना करावी. पुण्याहून येऊ इच्छिणाऱ्या एका गटाला त्याला उत्तर पाठवायचे आहे. घाईत लिहिलेली सूचना अशी असेल :

‘भाविकांच्या गटाला खोल्या उपलब्ध असल्याचे छान पत्र लिहा.’

या सूचनेवर येणारे पत्र बहुधा सौजन्यपूर्ण असेल. परंतु त्यात ‘सर्व सुविधांनी युक्त’, ‘मंदिरापासून हाकेच्या अंतरावर’, ‘चोवीस तास गरम पाणी’ अशी वाक्ये असतील. ती कोणी सांगितली? कोणीच नाही. अशा पत्रांत ती नेहमी असतात, म्हणून ती आली. गट आल्यावर मात्र या आश्वासनांचा जाब व्यवस्थापकालाच द्यावा लागेल.

आता दुसरी सूचना पाहावी :

‘अक्कलकोट येथील यात्रीनिवासातर्फे गटप्रमुखांना मराठीत उत्तराचे पत्र लिहा. गट २५ जणांचा असून त्यात सात ज्येष्ठ नागरिक आहेत. मुक्काम एका शनिवारच्या रात्रीचा आहे. उपलब्ध खोल्या : तळमजल्यावर तीन, पहिल्या मजल्यावर चार, प्रत्येक खोलीत चार जणांची सोय. लिफ्ट नाही. ज्येष्ठांना तळमजल्यावरील खोल्या देता येतील, असे सांगा. आगाऊ रक्कम मिळाल्याशिवाय खोल्या राखून ठेवल्या जात नाहीत, हे नम्रपणे पण स्पष्टपणे लिहा. अक्कलकोट रोड स्थानकावर उतरल्यास गावात येण्यासाठी वाहन करावे लागते, याची कल्पना द्या. खोलीचे दर, दर्शनाच्या व प्रसादाच्या वेळा लिहू नका. त्यांसाठी दूरध्वनीवर चौकशी करण्यास सांगा. पत्र १५० शब्दांच्या आत ठेवा. वर नसलेली कोणतीही सोय किंवा अंतर स्वतःहून लिहू नका. काही माहिती आवश्यक वाटल्यास पत्राखाली “विचारावयाचे प्रश्न” अशी वेगळी यादी द्या.’

ही सूचना लिहिण्यास चार-पाच मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात पत्रच लिहून झाले असते, असा आक्षेप यावर घेतला जातो. एका पत्रापुरता तो खराही आहे. पण हीच सूचना जपून ठेवली आणि गटाची संख्या, दिवस व खोल्या एवढेच बदलले, तर पुढील शंभर पत्रांसाठी ती उपयोगी पडते. शिवाय ती लिहिताना व्यवस्थापकाला स्वतःलाच ठरवावे लागते, की आपण कोणते आश्वासन देत आहोत आणि कोणते नाही.

नमुन्यांची किमया : पावणेआठ क्विंटल म्हणजे किती?

काही कामांत वर्णनापेक्षा उदाहरण अधिक बोलके असते. एक-दोन नमुने दाखवून त्याच पद्धतीने पुढचे काम करण्यास सांगणे, या तंत्राकडे २०२० मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी जीपीटी-३ या मॉडेलविषयीच्या निबंधातून सर्वांचे लक्ष वेधले. नोंदी, वर्गीकरण आणि तक्ते यांसाठी ते आजही अत्यंत परिणामकारक आहे.

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी ही तुरीची परिचित बाजारपेठ. तेथील एखाद्या अडत दुकानात तोंडी सांगितलेल्या नोंदींवरून हिशोबपट्टीचा तक्ता करायचा आहे, असे समजू. मराठी बोलीतील मापे यंत्राची परीक्षा पाहणारी असतात. ‘बारा क्विंटल चार किलो’ हे वजन दशांशात १२.०४ क्विंटल होते. ते चुकून १२.४ असे लिहिले गेले, तर क्विंटलला ७,००० रुपये असा भाव धरल्यास ८४,२८० रुपयांच्या जागी ८६,८०० रुपये येतात. फरक २,५२० रुपयांचा! ‘पावणेआठ क्विंटल’ म्हणजे ७.७५, ‘सव्वासात हजार’ म्हणजे ७,२५० आणि ‘सव्वाशे किलो’ म्हणजे १२५ किलो, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र नमुन्याने दाखवणे सुरक्षित असते :

‘नमुना १ : “तूर, बारा क्विंटल चार किलो, भाव सात हजार” — माल : तूर, वजन : १२.०४ क्विंटल, भाव : ७,०००.
नमुना २ : “उडीद, पावणेआठ क्विंटल, भाव सव्वासात हजार” — माल : उडीद, वजन : ७.७५ क्विंटल; भाव : ७,२५०.
पुढील नोंदी याच पद्धतीने लिहा. वजनाविषयी शंका असल्यास त्या ओळीपुढे “तपासा” असे लिहा. रक्कम काढू नका.’

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. भाषा मॉडेल मुळात शब्दांचे यंत्र आहे. गणित करताना काही साधने आता पडद्याआड वेगळ्या गणकयंत्राची मदत घेतात; तथापि पैशांच्या व्यवहारात गुणाकार, हमाली-तोलाईची वजावट आणि बेरीज स्प्रेडशीटमध्येच करावी. यंत्राकडून फार तर त्यासाठीचे सूत्र लिहून घ्यावे.

नमुने निवडताना केवळ सोपे प्रसंग देऊ नयेत. जेथे चूक होण्याचा संभव अधिक, तोच प्रसंग नमुन्यात असावा.

मराठी, कन्नड आणि मधली भाषा

अक्कलकोट तालुक्यात मराठीबरोबर कन्नडही घराघरांत बोलली जाते. कन्नड माध्यमाच्या शाळा येथे आहेत. साहजिकच गावातील सूचनाफलक, शाळेचे पत्र किंवा आरोग्य शिबिराची माहिती दोन्ही भाषांत देण्याची गरज असते. भाषा मॉडेल हे काम क्षणात करते. ते नीट झाले की नाही, हे पाहण्यास मात्र वेळ द्यावा लागतो.

दोन शेजारी भाषांत दिसायला सारखे पण अर्थाने भिन्न असे अनेक शब्द असतात. मराठीत ‘अवसर’ म्हणजे संधी. कन्नडात तोच शब्द घाई या अर्थाने वापरला जातो. हिंदीच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण देवनागरीतील मजकुरात हिंदीचा वाटा मोठा आहे आणि तिची छाया यंत्राच्या मराठीवर पडते. हिंदीत ‘राजीनामा’ म्हणजे समझोता, मराठीत तो नोकरी सोडण्याचा अर्ज. ‘खोली खाली आहे’ असे वाक्य आले, तर हिंदीच्या धर्तीवर ती रिकामी आहे असे सांगायचे असते; मराठी यात्रेकरू मात्र जिना उतरून ती शोधू लागेल.

यावर तीन उपाय सांगता येतील. पहिला, महत्त्वाच्या संज्ञांची यादी सूचनेतच द्यावी. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश तयार केले आहेत. त्यांतील रूढ शब्द वापरण्याचा आग्रह धरावा, ‘जा.क्र.’ म्हणजे जावक क्रमांक, ‘फेरफार’ म्हणजे महसुली नोंद, असे खुलासे द्यावेत. दुसरा, भाषांतर झाल्यावर नव्या संभाषणात ते पुन्हा मराठीत आणण्यास सांगावे आणि मूळ मजकुराशी ताडून पाहावे. ढोबळ चुका यातून उघड होतात. तिसरा आणि अंतिम उपाय म्हणजे, ती भाषा घरी बोलणाऱ्या व्यक्तीकडून फलक लावण्यापूर्वी वाचून घेणे. औषधाची मात्रा, पुराचा इशारा किंवा अर्जाची मुदत अशा मजकुरात या तिसऱ्या उपायाला पर्याय नाही.

सूचना मराठीत द्यावी की इंग्रजीत, असाही प्रश्न विचारला जातो. देवनागरी मजकुराचे यंत्राच्या अंतर्गत हिशेबात रोमन लिपीपेक्षा सामान्यतः अधिक तुकडे पडतात, हे खरे. परंतु मोडक्यातोडक्या इंग्रजीत दिलेल्या आज्ञेपेक्षा स्पष्ट मराठीतील आज्ञा केव्हाही श्रेयस्कर. ज्या भाषेत सांगणाऱ्याचा विचार स्वच्छ असतो, त्या भाषेत सांगावे.

मोठे काम टप्प्याटप्प्याने

पन्नास पानांच्या शासन निर्णयाचा सारांश, त्यावरून कार्यालयीन टिपणी आणि त्यावरून नागरिकांसाठी पत्रक, ही तिन्ही कामे एकाच सूचनेत दिली, तर प्रत्येकात काही ना काही निसटते. ती तीन टप्प्यांत द्यावीत आणि प्रत्येक टप्प्याचे फलित तपासूनच पुढे जावे.

दीर्घ मजकुराच्या बाबतीत आणखी एक निरीक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की लांबलचक मजकुराच्या आरंभी व अखेरीस असलेली माहिती मॉडेल्स चांगली टिपतात; मध्यभागी असलेल्या माहितीकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष होऊ शकते. नंतरच्या मॉडेल्समध्ये यात सुधारणा झाली आहे. तरीही ‘प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ परिच्छेदाचा क्रमांक द्या’ असे सांगणे हिताचे असते. क्रमांक असला की पडताळणी मिनिटांत होते. नसला तर पन्नास पाने पुन्हा वाचावी लागतात.

काल खरे होते, आज नाही

प्रत्येक मॉडेलचे शिक्षण एका विशिष्ट तारखेपर्यंतच्या मजकुरावर झालेले असते. त्यानंतरच्या घडामोडी त्याला आपोआप कळत नाहीत. काही साधने महाजालावर शोध घेऊ शकतात. पण तेथेही जुनी पाने नव्या पानांशेजारीच उभी असतात.

महाराष्ट्रात २०२३ च्या खरीप हंगामापासून शेतकऱ्यांना एक रुपयात पीक विमा मिळू लागला. या योजनेविषयी वृत्तपत्रांत आणि संकेतस्थळांवर विपुल लिहिले गेले. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याने आपला हिस्सा भरावा, अशी व्यवस्था पुन्हा आली. आता एखाद्या सेवा केंद्राने ‘पीक विम्याची माहिती देणारे पत्रक लिहा’ असे सांगितले, तर जुन्या मजकुराच्या भारामुळे ‘फक्त एक रुपया’ हे वाक्य पत्रकात येणे अशक्य नाही. त्यावर विसंबलेला शेतकरी खिशात पुरेसे पैसे न घेता केंद्रावर पोहोचेल. मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर त्याचा हंगामच विम्याविना जाईल.

शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि विजापूरचे विजयपुरा हे बदल कर्नाटकाने २०१४ मध्येच केले. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमानसेवा सुरू झाली. जुन्या माहितीवर पोसलेल्या मॉडेलच्या पत्रकात यांपैकी काहीही चुकू शकते. म्हणून योजना, दर, मुदती, नावे आणि वेळापत्रके यंत्राला विचारू नयेत. ती अधिकृत ठिकाणाहून घेऊन यंत्राला द्यावीत आणि मांडणीचे काम तेवढे त्याच्याकडून करून घ्यावे.

तिथींचेही तसेच आहे. स्वामी समर्थांनी ३० एप्रिल १८७८ रोजी समाधी घेतली. त्यांचा प्रकटदिन चैत्र शुद्ध द्वितीयेला आणि पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला साजरी होते. या तिथी दरवर्षी वेगळ्या तारखांना येतात. पुढील वर्षाची तारीख यंत्राला विचारल्यास ते आत्मविश्वासाने एक तारीख सांगेल. ती पंचांगात पाहिल्याशिवाय गाड्यांची व खोल्यांची आगाऊ नोंदणी करणे धाडसाचे ठरेल.

आत्मविश्वास म्हणजे पुरावा नव्हे

नसलेली गोष्ट असल्यासारखी सांगणे हा भाषा मॉडेल्सचा सर्वपरिचित दोष आहे. त्याची किंमत न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी मोजली. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीने दिलेले न्यायनिवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना व त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. हे निवाडे खरे आहेत काय, असे त्यांतील एका वकिलाने यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता. भारतात केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून निर्णय देण्यासाठी या साधनांचा वापर करण्यास मनाई केली.

यातील बोध असा, की ‘खात्री आहे का?’ हा प्रश्न यंत्राला विचारणे ही पडताळणी नव्हे. निवाडा, शासन निर्णयाचा क्रमांक, कलम, आकडा आणि अवतरण यांची खातरजमा मूळ ठिकाणीच झाली पाहिजे.

जादूचे शब्द नाहीत

‘तुम्ही या विषयातील जागतिक दर्जाचे तज्ज्ञ आहात’ अशा वाक्याने सूचनेचा आरंभ करण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्याने भाषेचा सूर बदलतो. ज्ञान वाढत नाही. ‘पायरी-पायरीने विचार करा’ या वाक्याने गणित व तर्काची उत्तरे सुधारतात, असे २०२२ मधील संशोधनात आढळले होते. पुढील काळातील अनेक मॉडेल्स असा विचार आपणहून करू लागल्याने त्या वाक्याचे महत्त्व कमी झाले. क्लृप्त्या मॉडेलगणिक जुन्या होतात. काम, वाचक, आधार आणि मर्यादा स्पष्ट सांगणे मात्र जुने होत नाही.

काय सांगू नये?

सूचनेत लिहिलेला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर जातो, हे विसरता कामा नये. यात्रेकरूंचे आधार क्रमांक, रुग्णांचे अहवाल, विद्यार्थ्यांची यादी, शेतकऱ्यांची बँक खाती हे तपशील सार्वजनिक साधनांत टाकू नयेत. देशात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नयेत, असे आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले होते. आपल्या कार्यालयाचे धोरण काय, हे प्रत्येकाने आधी जाणून घ्यावे. परवानगी असेल तेथेही नावांच्या जागी ‘अर्जदार क्र. १’, ‘अर्जदार क्र. २’ असे लिहून काम भागते. खरी नावे नंतर आपल्या संगणकावर भरता येतात.

सूचनावहीची सवय

ज्या कार्यालयात हे साधन नियमित वापरले जाते, तेथे एक सूचनावही ठेवणे उपयुक्त ठरेल. साध्या फाईलमध्ये चार रकाने पुरेत : काम, वापरलेली सूचना, आढळलेली चूक आणि चूक टाळण्यासाठी सूचनेत केलेली भर. ‘स्थानक गावाबाहेर आहे’, ‘चार किलो म्हणजे .०४’, ‘विम्याचा दर परिपत्रकातून घ्यावा’ अशा नोंदी काही महिन्यांत साचतात आणि त्या गावाला उपयोगी पडणारी एक मार्गदर्शिका तयार होते. कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत ती मिळणार नाही.

सूचना पाठवण्यापूर्वी एकदा असेही करून पाहावे : ती शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला वाचायला द्यावी. एवढ्या माहितीवर तो ते काम बिनचूक करू शकत नसेल, तर यंत्रही करणार नाही. फरक इतकाच, की सहकारी आपली अडचण बोलून दाखवतो आणि यंत्र ती सुंदर वाक्यांखाली झाकून टाकते. पत्रावर सही कार्यालयाची असते आणि त्या पत्रावर विसंबून कोणीतरी प्रवासाला निघालेले असते.